शैलजाताईंच्या खेपा

“चार होती आमची. त्यातलं एक तरी शिल्लक असेल की,” शैलजाताई म्हणाल्या.

आमच्या संस्थेच्या कँटीनमध्ये आम्ही तिघं बसलो होतो. त्या, त्यांचे यजमान भरत मगदूम आणि मी. चहा समोर निवत होता. दोघं जयसिंगपूरहून रात्रीच्या गाडीने पुण्याला उतरले होते. त्यांना वर प्रयोगशाळेत न नेता मी इथे आणलं होतं, कारण वर नेऊन काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले होते ती दोनेक वर्षांपूर्वी, मिरजेतल्या एका दवाखान्यात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, तिथले उपचार घेऊन त्यांना मुलगी झाली होती, आर्या. उपचाराच्या वेळी तयार झालेले आणखी चार भ्रूण तिथेच गोठवून ठेवलेले होते. इकडे पुण्यात आम्ही मानवी भ्रूणातून मूळपेशी काढून त्या वाढवायची धडपड करत होतो. अशा पेशींपासून पुढे शरीरातली कुठलीही पेशी घडवता येते, म्हणून त्यांचं एवढं महत्त्व. ज्या जोडप्यांना आता भ्रूण नको होते त्यांना समजावून सांगायला मिरजेच्या डॉक्टरांनी मला बोलावलं होतं.

मगदूम सर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मी तोंड उघडण्याआधीच ते तयार होते. “फ्रीजमध्ये पडून राहण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडतील,” म्हणाले. शैलजाताई मात्र मांडीवरच्या आर्याच्या केसांतून हात फिरवत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

“त्यांना दुखतं काय हो?”

“नाही. दुखायला जे लागतं ते अजून त्यांच्यात तयारच झालेलं नसतं. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा ठिपका असतो.”

“मग घ्या,” त्या म्हणाल्या. “आम्हाला ही आहे.”

आणि ती पाच वर्षांची होऊन मेंदूज्वराने गेली. एका आठवड्यात सगळं संपलं. काही महिन्यांनी दोघं मिरजेला गेले, गोठवलेले भ्रूण परत वापरता येतील का विचारायला. डॉक्टरांनी आठवण करून दिली की ते पुण्याला दिलेत. म्हणून ते आता इथे आले होते.

आमचे विभागप्रमुख डॉ. सोहोनी मला वर म्हणाले होते, “वृंदा, त्यांना एवढंच सांग, चारही वापरले गेले. ते खोटंही नाही. आणि लवकर मोकळी हो.”

मी तसंच सांगायचं ठरवून खाली आले होते. पण ‘एक तरी शिल्लक असेल की’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्धंच सांगून थांबू शकले नाही.

“तीन जगले नाहीत. गोठवलेले बाहेर काढल्यावर पुष्कळदा असं होतं. चौथ्यातून आम्ही आतल्या पेशी काढल्या. त्या वाढताहेत.”

मगदूम सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना पुढचं कळलं होतं. शैलजाताईंचा चेहरा मात्र एकदम उजळला.

“वाढतंय? मग आहे की!”

“ते बाळ नाही आता. भ्रूणाला बाहेरून एक आवरण असतं, त्याची पुढे बाळाला पोसणारी वार होते. ते आम्ही काढून टाकतो. आतल्या पेशी तेवढ्या घेतो. त्या वाढत राहतात, पण त्यांचं बाळ होत नाही.”

“परत पोटात ठेवलं तर?”

“नाही होणार, ताई.”

त्यांनी ते ऐकलं. थोडा वेळ कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिल्या. सर म्हणाले, “शैला, चल. दुपारची गाडी मिळेल.” त्या उठल्या नाहीत.

“बघू द्या की मॅडम,” त्या मला म्हणाल्या. “एकदा बघतो आणि जातो.”

तिकडच्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल ‘बघतो’, ‘जातो’ असं बोलत. 

मी सोहोनी सरांना विचारायला वर गेले. ते नाहीच म्हणणार असं धरून चालले होते. त्यांनी चष्मा काढला, खिडकीतून खाली कँटीनकडे पाहिलं, आणि म्हणाले, “बाहेरच्या खोलीतल्या मायक्रोस्कोपवर दाखव. मला यातलं काही माहीत नाही.”

आता वाटतं, मी त्यांना मूळपेशी दाखवायला हव्या होत्या. त्या अगदीच साध्या दिसतात. खाली आधाराला दुसऱ्या पेशींचं अंथरूण, आणि वर चपटे, गोल पुंजके, ओल्या फरशीवर पडलेल्या थेंबांसारखे. पाहणाऱ्याला काही वाटू नये असे. आम्ही रोज त्यांचं पाणी बदलायचो, म्हणजे त्यांचं अन्न असलेला गुलाबी द्रव. पुंजका मोठा झाला की मायक्रोस्कोपखाली काचेच्या सुईने त्याचे तुकडे करायचे आणि नव्या डिशमध्ये पसरायचे. एक दिवस चुकला तरी त्या रुसायच्या. वर्षभर आम्ही कुणीच धड सुट्टी घेतलेली नव्हती.

पण त्याच आठवड्यात माझी सहकारी नसीम हिने या पेशींपासून हृदयाच्या पेशी घडवल्या होत्या, आणि आम्ही सगळेच आनंदात होतो. मी तीच डिश काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. बाईंचं दुःख मोठं आहे, त्यांना काहीतरी चांगलं दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं. 

शैलजाताईंनी डोकं टोपीत बांधून घेतलं, पायात आमच्या सपाता घातल्या आणि डोळा लावला. आधी काहीच दिसेना. मी फोकस जुळवून दिला. मग त्या इतका वेळ डोळा लावून राहिल्या की मला वाटलं, अजून दिसलेलं नाही.

“हलतंय,” त्या म्हणाल्या.

“हृदयाच्या पेशी आहेत. त्या अशाच धडधडतात.”

“कोण सांगतं त्यांना?”

“कुणीच नाही. त्यांचं त्या करतात.”

“एकट्याच?”

मगदूम सर भिंतीला टेकून उभे होते. बघता का म्हणून मी खूण केली, तर त्यांनी मान हलवली.

पुढच्या महिन्यात शैलजाताई एकट्याच आल्या.

त्यानंतर त्या येतच राहिल्या. रात्रीच्या गाडीने यायच्या, स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, साडी बदलून, आमचं ऑफिस उघडेपर्यंत फाटकापाशी थांबायच्या. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी घरचे काजूचे लाडू आणायच्या. फाटकावरचा माणूस मला फोन करायचा, “मॅडम, तुमच्या ताई आल्यात.” मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवायचे आणि जी कुठली डिश हाताशी असेल ती दाखवायचे. त्या बघायच्या, “बरं आहे ना सगळं?” म्हणायच्या आणि डोळा बाजूला घ्यायच्या. मायक्रोस्कोपपाशी त्यांचा फार वेळ जात नसे. मग माझं काम चालू असताना त्या शेजारच्या स्टुलावर बसून बोलत.

बोलणं आर्याचंच असे. ती गावाकडच्या रस्त्यावरून उसाच्या गाड्या निघाल्या की प्रत्येक ड्रायव्हरला हात करायची. झोपताना आईच्या कानाची पाळी धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. मंदिरात पूजा चालू असताना तिने एकदा भटजींना मोठ्याने विचारलं होतं, “तुम्ही रोज अंघोळ घालता, देव मळतो कशाने?” मी हसायचे. डिशमधलं पाणी बदलता बदलता ‘मग?’, ‘पुढे?’ म्हणायचे. दुपार झाली की त्या घड्याळ बघून उठायच्या. “येतो मॅडम,” म्हणायच्या. मला त्या येण्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर मी वाट बघायला लागले होते.

पण काळजीही वाटायला लागली होती. एवढ्या लांबून ही बाई काय बघायला येते? कशावर जीव लावून बसली आहे?

तेवढ्यात एक दिवस मगदूम सर एकटेच आले. त्यांनी मला कँटीनमध्ये बोलावलं. ते बरेच वाळले होते.

“मॅडम, एक विनंती आहे. शैलाला सांगा, त्या पेशी मेल्या.”

“पण त्या जिवंत आहेत, सर.”

“मला माहीत आहे. मी मुलांना हेच शिकवतो.” ते कसनुसं हसले. “कोल्हापूरच्या एका संस्थेत आम्ही मूल दत्तक घ्यायला नाव घातलं होतं. आता तिथून निरोप आलाय. मुलगी आहे, चार महिन्यांची. शैला बघायलासुद्धा यायला तयार नाही. कारण सांगत नाही. पण तिच्या मनात तुमचं हे पुण्यातलं बसलंय, दुसरं काय? दर महिन्याला इकडे पळते. घरात आम्ही आर्याचं नावसुद्धा काढत नाही, तिला त्रास नको म्हणून. आईनं फोटो, खेळणी सगळं माळ्यावर टाकलंय. आम्ही एवढं जपतो आणि ती इथं येऊन जखम उकरून जाते. संस्थावाले किती दिवस थांबतील? एकदा खोटं बोला, मॅडम. तुमचं ती ऐकेल.”

मी खूप वेळ विचार केला. खोटं बोलणं मला जमणार नव्हतं. या पेशींची हकिगत उद्या छापून येणार होती, त्या दुसऱ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत जाणार होत्या. शैलजाताईंना कुठूनतरी कळलं असतंच. आणि सर म्हणत होते ते मला पटलंही होतं. बाई अडकून पडली आहे, तिला सोडवलं पाहिजे.

“खोटं नाही सांगणार,” मी म्हणाले. “पण खरं नीट सांगते. त्यानेही काम होईल.”

पुढच्या वेळी शैलजाताई आल्या तेव्हा मी मायक्रोस्कोप झाकूनच ठेवला होता. त्यांना मी आत नेलं, द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्या असतात त्या खोलीत. एका टाकीचं झाकण उघडलं. पांढरा धूर खाली सांडला, त्या दचकून मागे सरल्या.

“ताई, यात नळ्या आहेत. प्रत्येक नळीत त्याच पेशी आहेत. अशा आणखी एका गावी पाठवल्यात. अजून पाठवू. तुम्ही पहिल्यांदा बघितल्या त्या केव्हाच मेल्या. दर वेळी तुम्ही बघता त्या वेगळ्या असतात. काही मी स्वतः प्रयोगासाठी मारते. त्या वाढत राहतील, आपण गेल्यावरसुद्धा वाढत राहतील. पण त्यांच्यातून कुणी येणार नाही. कधीच नाही.”

त्या टाकीकडे बघत होत्या. 

“मला माहीत आहे मॅडम,” त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, माझं मन राखायला म्हणताहेत. अजून पुरतं उतरलेलं नाही. म्हणून मी आणखी स्पष्ट बोलले. मी त्यांचा हात धरला होता, आवाजही मऊ होता, ते मला आठवतं.

“मग येऊ नका आता. तिकडे ती लहान मुलगी वाट बघते आहे. इथे तुमचं कुणी नाही, शैलजाताई.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रडल्या नाहीत. सपाता काढून जागच्या जागी ठेवल्या, स्वतःच्या चपला घातल्या. त्या दिवशी आणलेला लाडवांचा पुडा टेबलावर होता, तो माझ्याकडे सरकवला.

“बरं,” एवढंच म्हणाल्या. ‘येतो’ म्हणाल्या नाहीत, हे मला त्या गेल्यावर लक्षात आलं.

दोन महिन्यांनी मगदूम सरांचा फोन आला. मुलगी घरी आली होती. शैला रमली आहे, रात्र रात्र तिला घेऊन बसते, तुमचे उपकार झाले, असं ते सांगत होते. मी नसीमला ते सांगितलं. सोहोनी सरांनाही सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. फक्त महिन्याची सुरुवात आली की फाटकावरून फोन येईल असं काही काळ वाटत राहायचं.

काम पुढे गेलं. त्या पेशींवर किती मुलांनी पीएचडी केली ते आता मला सांगताही येणार नाही. सोहोनी सर निवृत्त झाले, नसीम परदेशी गेली, मी सोहोनी सरांच्या खुर्चीत बसले. मध्ये पंधरा वर्षं गेली. मग सांगलीच्या एका कॉलेजने मला व्याख्यानाला बोलावलं.

व्याख्यान संपलं, विद्यार्थी पांगले, आणि मागच्या रांगेतून एक बाई उठून माझ्याकडे आल्या. केस पांढरे झालेले. चालण्यावरून मी ओळखलं.

“पेपरात तुमचं नाव वाचलं,” शैलजाताई म्हणाल्या. “म्हटलं, भेटून यावं. सर खाली गाडीत बसलेत. अनुजा पण आली आहे. यंदा दहावीला आहे.”

“अनुजा?”

“मीच ठेवलं नाव.” त्या जराशा हसल्या. “पाठची. घरात कुणी विचारलं नाही, हेच का म्हणून.”

आम्ही पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसलो. मी म्हटलं, “तुम्ही पुन्हा आला नाहीत.”

“तुम्हीच म्हणालात, इथे तुमचं कुणी नाही.”

“मी त्या पेशींबद्दल बोलत होते, ताई.”

“ते कळलं होतं मला.” त्यांनी पदर नीट केला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “मॅडम, मी जीवशास्त्राच्या मास्तरची बायको. डिशमध्ये बाळ नाही हे मला काय कळत नव्हतं? पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग एवढ्या लांबून कशाला यायचात?”

“बोलायला.” 

त्या माझ्याकडे वळून बसल्या.

“घरात आर्याचं नाव निघालं की सासूबाई उठून जायच्या. हे पेपर तोंडापुढे धरायचे. शेजारणी विषय बदलायच्या. सगळे मला जपत होते. बाई दिसली की लोक गप्प व्हायचे, अशी झालो होतो मी. आणि तुम्ही काम करता करता विचारायचात, ‘मग? पुढे?’ नुसतं बोलायला पुण्याला जातो म्हटलं असतं तर ह्यांनी पाठवलं असतं काय? तुम्ही तरी बसवून घेतलं असतं काय? बघायला येतो म्हटलं की सगळ्यांना कारण कळायचं.”

“आणि अनुजाला आणायला का तयार नव्हता?”

“ती आली की आर्याचं नाव कायमचं मिटणार, हे दिसत होतं. तसंच झालं. आर्याबद्दल हिला अजून सांगितलेलं नाही. सासूबाईंनी शपथ घातली होती, पोरीला परकं वाटेल म्हणून. त्या गेल्या, पण आता कसं सांगणार?” त्या थांबल्या. “तिचा काय दोष नाही हो. गुणाची पोर आहे. पण ते बोलणं तिथंच राहिलं, तुमच्या खोलीत. त्यानंतर मी कुणाजवळ बोललो नाही. आता मलाच पुष्कळ आठवत नाही. तिचा आवाज कसा होता, ते तर अजिबात नाही.”

शिपाई खिडक्या लावत फिरत होता. क्षमा मागावी, असं मला वाटलं. पण कशाची मागायची? मी खरं बोलले होते. ज्याने-त्याने भल्यासाठीच केलं होतं.

“मला आठवतं थोडं,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलेलं.”

“काय?”

“घरी पाहुणे आले की ती त्यांच्या चपला लपवायची. म्हणजे त्यांना जाताच येणार नाही.”

शैलजाताईंचं तोंड उघडं राहिलं. “चपला?” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं होतं?”

“हो. एकदा तिने तुमच्या भावाच्या चपला लपवल्या आणि तो अनवाणी एस.टी.त बसून गेला.”

“अगंबाई! बापू!” त्या हसल्या. हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. “चार दिवसांनी सापडल्या. कुठं सापडल्या होत्या, सांगितलं होतं काय मी?”

“धुण्याच्या मशिनमध्ये.”

“बरोबर. बरोबर. धुण्याच्या मशिनमध्ये.” त्यांनी डोळे मिटले होते. “अजून सांगा. अजून काय सांगितलं होतं मी?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि दारातून आवाज आला, “आई, बाबा किती वेळचे थांबलेत!” दोन वेण्या घातलेली, तरतरीत मुलगी आत आली. मला वाकून नमस्कार केला. आईने धरलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं, मग आईच्या ओल्या डोळ्यांकडे.

“तुम्हा दोघींची ओळख कशी काय?” तिने विचारलं.

शैलजाताईंनी माझा हात सोडला आणि उठल्या.

“पुण्याला जायचो ना मी पूर्वी, तू यायच्या आधी. आपलं एक माणूस होतं तिथं.”

“कोण गं?”

“तू नाही ओळखत,” त्या म्हणाल्या, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरू लागल्या.